जर्मनीत शिकताना अचानक समुद्रावर जायचं ठरलं तर: नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी

नाशिकहून जर्मनीला शिकायला निघालेल्यांना व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट, खोली, प्रेशर कुकर न्यावा की नाही, यावर सांगणारे पुष्कळ भेटतात. तिथल्या पहिल्या उन्हाळ्यात मात्र एखाद्या गुरुवारी रात्री होस्टेलच्या स्वयंपाकघरात कोणीतरी म्हणतं, "शनिवारी ऊन आहे, समुद्रावर जाऊ या." मग छत्तीस तासांत निघायचं असतं, आणि त्याबद्दल कोणी काहीच सांगितलेलं नसतं. मी हॅम्बुर्गला शिकत होते. तिथून दोन्ही समुद्र जवळ, त्यामुळे अशा सहली खूप झाल्या. आता कॉलेज रोडवर जर्मनच्या क्लासला जाणारी मुलं भेटली की मी त्यांना हेच सांगत असते, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा: आपण समुद्राची माणसं नाही. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी आपली गोदावरीसुद्धा अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर असताना त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्यातले बहुतेक जण तरण तलावात किंवा गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला पोहायला शिकलेले. लाट, ओढ, भरती-ओहोटी यांची सवय अंगात नसते. अचानक निघण्याची मजा घ्यायची असेल, तर काही गोष्टी आधीपासून तयार हव्यात आणि पाण्याबद्दल थोडं ज्ञान हवं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

१. नाशिक सोडण्याआधी

पोहता येत नसेल तर इथेच शिका. त्र्यंबक रोडच्या सावरकर तरण तलावावर किंवा घराजवळच्या कुठल्याही तलावावर उन्हाळ्याची एक बॅच करा. जर्मनीत प्रौढांसाठी पोहण्याचे वर्ग असतात, पण ते महाग पडतात, नंबर लागायला वेळ लागतो आणि शिकवणारे जर्मन बोलतात. पाठीवर तरंगणं आणि दम न लागता जागच्या जागी पाणी मारत राहणं, या दोन गोष्टी येईपर्यंत क्लास सोडू नका. वेगाने पोहण्यापेक्षा त्या महत्त्वाच्या आहेत.

पोहण्याचा पोशाख इथूनच न्या. सुती टी-शर्ट आणि बर्मुडा घालून समुद्रात जाऊ नका. ओलं सुती कापड जड होतं, वाऱ्यात लवकर वाळत नाही आणि हुडहुडी भरते. मुलींनी अंगभर पोहण्याचा पोशाख घातला तरी उघड्या किनाऱ्यावर कोणी वळून बघत नाही, हे मी खात्रीने सांगते.

२. कागदपत्रांचं पाकीट कायम तयार

ऐन वेळी शोधाशोध नको म्हणून एक छोटं प्लास्टिकचं पाकीट दाराजवळच ठेवा. त्यात हे हवं:

- पासपोर्ट (मूळ, झेरॉक्स नाही) आणि निवास परवान्याचं कार्ड
- विद्यापीठाचं ओळखपत्र
- आरोग्य विम्याचं कार्ड. सरकारी विमा असेल तर त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपातल्या इतर देशांत चालणारं विमा कार्ड छापलेलं असतं
- बँकेचं कार्ड आणि २०-३० युरो रोख, त्यात सुटी नाणी. शौचालयाला आणि माशांच्या टपरीवर बऱ्याचदा नाणीच लागतात
- कागदावर लिहिलेले दोन फोन नंबर: सोबतच्या मित्राचा आणि होस्टेलवर मागे राहणाऱ्या कोणाचा तरी

देशातल्या देशात जाताना पासपोर्ट कशाला, असं वाटेल. पण बाल्टिकवरच्या उझेडोम बेटावर आहलबेक गावातून किनाऱ्याने चालत निघालात तर गप्पांच्या नादात पोलंडमध्ये पोचता. शेंगेन करारामुळे एरवी या देशांच्या सीमेवर पासपोर्ट बघत नाहीत, तरी सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली, आणि २०२५ च्या जुलैपासून पोलंडनेही जर्मनीच्या सीमेवर ती सुरू केली.

इथे एक सापळा आहे. व्हिसा संपला आहे आणि निवास परवान्याचं कार्ड अजून आलेलं नाही, अशा मधल्या काळात परदेशी नागरिकांचं कार्यालय एक तात्पुरता कागद देतं. त्याचं नाव फिक्शन्सबेशायनिगुंग. तो कागद हातात असताना जर्मनीत खुशाल फिरा. सीमा ओलांडायची असेल तर मात्र आधी त्या कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. मित्र म्हणतो "काही होत नाही", त्यावर जाऊ नका. मित्राच्या हातात कार्ड असतं.

३. कुठला समुद्र?

जर्मनीला दोन समुद्र आहेत आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पूर्वेकडच्या बाल्टिकलाच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ नसते. सकाळी जिथे पाणी होतं तिथेच संध्याकाळी असतं, वाळू बारीक असते आणि लाटा एरवी लहान असतात. हॅम्बुर्गहून ल्युबेकला पाऊण तासात गाडी पोचवते, तिथून दुसरी गाडी ट्राव्हेम्युंडं-श्ट्रान्ड या स्थानकाला जाते. हे स्थानक किनाऱ्याला इतकं लागून आहे की रस्ता विचारावा लागत नाही. बर्लिनवाल्यांनी आरई ५ या गाडीने रोस्टॉक गाठावं आणि तिथून लोकलने वार्नम्युंडंला जावं. तिथला किनारा भरपूर रुंद आहे, १८९८ सालचा दीपस्तंभ आहे, आणि स्थानकातून चालत दहा-पंधरा मिनिटांत वाळूत पाय पडतो.

पश्चिमेचा उत्तर समुद्र वेगळा. कुक्सहाफन, ब्युझुम, झांक्ट पेटर-ओर्डिंग ही गावं सुंदर आहेत, पण ओहोटीला तिथलं पाणी नजरेआड जातं. मैलोन् मैल ओला चिखल उघडा पडतो. त्याला जर्मनमध्ये 'वाट' म्हणतात (आपल्या वाटेशी त्याचा संबंध नाही) आणि २००९ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. लोक त्यावर अनवाणी चालतात, ते बघून आपल्यालाही जावंसं वाटतं. वाटाड्याशिवाय जाऊ नका. त्या चिखलात मध्ये मध्ये खोल नाले असतात. भरती सुरू झाली की पाणी समोरून येण्याआधी त्या नाल्यांतून तुमच्या मागे भरतं, आणि तुम्ही उभे आहात ती जागा कोरडी असतानाच परतीचा रस्ता बुडालेला असतो. त्यात धुकं उतरलं तर किनारा कुठल्या बाजूला हेही कळत नाही. गावाच्या पर्यटन कार्यालयात परवाना असलेल्या वाटाड्यांबरोबरच्या फेऱ्यांची वेळ मिळते, त्यांच्याबरोबर जरूर जा.

शाळेत भूगोलात शिकलेला 'तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ' हा ठोकताळा कोकण किनाऱ्यासाठी आहे. उत्तर समुद्रावर प्रत्येक गावाची वेळ वेगळी असते. त्या त्या गावाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक किनाऱ्यावर लावलेलं असतं, ते बघा. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल आलेल्या मित्राने सांगितलेली वेळ आज धरू नका.

म्युनिक किंवा श्टुटगार्टला असाल तर शनिवार-रविवारसाठी समुद्राचा नाद सोडा. सगळा वेळ गाडीत जातो. जवळचं तळं गाठा. पाण्याबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते तळ्यालाही लागू आहे.

४. तिकीट

सर्वांत जास्त पैसे इथे वाचतात आणि सर्वांत जास्त दंडही इथेच होतो.

डॉइचलान्ड-टिकेट नावाचा महिन्याचा पास २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ पासून ६३ युरो झाला. अनेक विद्यापीठांत तोच पास सेमिस्टरच्या फीमध्ये साधारण ६० टक्के किमतीत येतो. तुमच्या फीच्या पावतीत तो आहे का ते बघा. काही जण फीमध्ये भरलेला असूनही वेगळा विकत घेतात. वेगळा घेतलाच असेल तर तो आपोआप चालू राहणारा पास आहे हे विसरू नका. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केला तरच पुढच्या महिन्याचे पैसे कापले जात नाहीत.

हा पास आरई आणि आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान म्हणजे शहराची लोकल, मेट्रो, ट्राम आणि शहर बसमध्ये चालतो. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. फलाटावर कोणी अडवत नाही, गाडीत चढता येतं, आणि तपासनीस मध्येच येतो. दंड ६० युरो. जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये गाडी शोधताना फक्त प्रादेशिक गाड्या दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू करूनच शोधा.

पास एकाच्याच नावावर असतो, दुसऱ्याला देता येत नाही. तपासनीस ओळखपत्र मागतो. पास फोनमध्ये असेल आणि फोन बंद पडला तर तुमच्याकडे तिकीट नाही असंच धरलं जातं. पॉवर बँक घ्या.

ज्यांच्याकडे पास नाही त्यांनी मिळून राज्याचं दिवसाचं तिकीट काढावं. पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर जाता येतं आणि माणसं वाढली की प्रत्येकाचा वाटा कमी होतो. बहुतेक राज्यांत ते शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून आणि एरवी सकाळी ९ नंतर चालतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत वैध असतं. तिकिटावर सगळ्यांची नावं लिहावी लागतात. गाडीत बसण्याआधी लिहा.

आणखी एक. काही गाड्यांचे डबे मधल्या एखाद्या स्थानकात तोडले जातात. पुढचा भाग एकीकडे जातो, मागचा दुसरीकडे. डब्याच्या बाहेरच्या पाटीवर त्या भागाचं शेवटचं स्थानक लिहिलेलं असतं, ते वाचूनच चढा. उन्हाळ्यातल्या शनिवारी फलाटावर गर्दी उसळलेली असते आणि 'चढू आधी, बघू नंतर' अशी घाई होते. पाच जण वेगवेगळ्या डब्यांत शिरले तर तिघं किनाऱ्यावर आणि दोघं भलत्याच गावी, असं सहज घडू शकतं.

५. दिवस निवडताना

गुरुवारी रात्री हवामान बघा, शुक्रवारी रात्री पुन्हा बघा. तापमानापेक्षा वारा जास्त महत्त्वाचा. २४ अंश आणि जोराचा वारा असेल तर वाळू तोंडावर मारते आणि पाण्यात जाता येत नाही.

जूनमध्ये ऊन भरपूर असतं, पण बाल्टिकचं पाणी अजून १४-१६ अंशांवर असतं. ऑगस्टमध्ये ते १८-२० पर्यंत जातं. म्हणून खरी सहल ऑगस्ट ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत. ऑक्टोबरला पोचणाऱ्या नव्या मुलांनी पहिल्या वर्षी किनाऱ्यावर फक्त फिरायला जावं. तेही सुंदर असतं, जाड जॅकेट घालून.

मुक्काम करायचा का? ऐन वेळी ठरलं असेल तर नको. उन्हाळ्यातल्या शनिवारी किनाऱ्याजवळची युथ होस्टेलं आधीच भरलेली असतात, आणि वाळूत किंवा तंबूत झोपणं बहुतेक ठिकाणी मना आहे. पहाटेच्या गाडीने जा, रात्रीच्या गाडीने या. शनिवारीच जा, म्हणजे काही बिघडलं तरी रविवार हातात राहतो.

६. पिशवीत काय

टॉवेल, कोरड्या कपड्यांचा एक जोड, वारा अडवणारं जॅकेट (जुलैतसुद्धा), टोपी, सनस्क्रीन, पाणी, कचऱ्यासाठी पिशवी. सनस्क्रीन 'आपल्याला कशाला' म्हणून टाळू नका. गार वाऱ्यात ऊन लागल्याचं कळत नाही आणि रात्री खांदे भाजलेले असतात.

खाणं घरून न्या. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा हे दिवसभर टिकतं आणि सोबतचे कोलंबियन, व्हिएतनामी मित्र खुशीने खातात. किनाऱ्यावर मिळतं ते मुख्यतः पावात घातलेला हेरिंग मासा. खारवलेला, थंडच देतात. मासे खात असाल तर जरूर चाखा. शाकाहारींना फ्रेंच फ्राइज आणि आइसक्रीमवर दिवस काढावा लागतो.

डबा उघडला की सीगल पक्षी डोक्यावर येतात आणि हातातला घास उचलतात. घाटावर पारव्यांना दाणे टाकायची आपली सवय तिथे आवरा. वार्नम्युंडंसारख्या गावांत त्यांना खायला घालण्यावर बंदी आहे आणि दंड होतो.

७. पाण्यात उतरण्याआधी हे वाचाच

निफाडला पारा पाच अंशांवर गेल्याच्या बातम्या वाचत आपण मोठे झालो, त्यामुळे थंडी आपल्याला माहीत आहे असं वाटतं. हवेची थंडी आणि पाण्याची थंडी यांत फार फरक आहे. पाणी शरीरातली ऊब हवेपेक्षा कितीतरी लवकर ओढून घेतं. १६ अंशांच्या पाण्यात एकदम उडी घेतली तर पहिल्या क्षणी आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, छाती धडधडते आणि श्वास आवरत नाही. तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर चांगला पोहणाराही बुडू शकतो.

म्हणून आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग हातांवर, मानेवर, छातीवर पाणी मारत सावकाश जा. श्वास शांत झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिल्या वेळी पाच-सात मिनिटं पुरे. बोटं वळेनाशी झाली किंवा दात वाजू लागले की लगेच बाहेर या, पुसा, कोरडे कपडे घाला.

दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून आपण गोदेचा पूर ओळखतो, तसं तिथे झेंड्यांवरून समुद्र ओळखायचा.

- वर लाल, खाली पिवळा असा दोन रंगी झेंडा: जीवरक्षक हजर आहेत. अशा दोन झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहा
- त्याच्याबरोबर नुसता पिवळा झेंडा: मुलांनी आणि कच्च्या पोहणाऱ्यांनी पाण्यात जाऊ नये. आपण बहुतेक जण त्यात येतो
- लाल झेंडा: सगळ्यांना पाण्यात जायला बंदी
- झेंडाच नाही: रक्षक नाहीत. गुडघ्याच्या वर जाऊ नका

बाल्टिकला रक्षक साधारण मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ असतात. संध्याकाळी सहानंतर पाण्यात जायचा मोह फार होतो, कारण जूनमध्ये हॅम्बुर्गला सूर्य रात्री पावणेदहाच्याही पुढे मावळतो. उजेड असला तरी रक्षक घरी गेलेले असतात.

पाण्यात लाकडी खांबांच्या रांगा दिसतील. लाटांनी वाळू वाहून जाऊ नये म्हणून त्या रोवलेल्या असतात. फोटोसाठी त्यांवर चढू नका, शेवाळाने त्या निसरड्या असतात आणि त्यांच्या कडेने पाण्याला ओढ असते. समुद्रात गेलेल्या लांब लाकडी पुलावरून उडी मारायला बंदी आहे.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ जोर लावू नका, दम संपतो. पाठीवर तरंगा, हात वर करून हाक द्या, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकत ओढीच्या बाहेर पडा. मित्र बुडताना दिसला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. रक्षकाला हाक मारा, ११२ ला फोन करा, तरंगणारं काहीही त्याच्याकडे फेका. ११२ ला इंग्रजी चालतं. किनाऱ्यावर येण्याच्या वाटांना बहुतेक ठिकाणी क्रमांक दिलेले असतात. पोचल्या पोचल्या तो क्रमांक सगळ्यांनी फोनमध्ये टिपून घ्या. फोनवर 'आम्ही समुद्रावर आहोत' असं सांगून मदत येत नाही, क्रमांक सांगितला की येते. चुकामूक झाली तर भेटायची जागाही तीच धरा.

बीअर प्यायलेल्याला त्या दिवशी पाण्यात सोडायचं नाही, हे गाडीतच सगळ्यांसमोर ठरवून टाका. किनाऱ्यावर वाद घालत बसावं लागत नाही.

८. किनाऱ्यावरचे रिवाज

अनेक गावांत दिवसभरासाठी आलेल्यांनाही काही युरोंचा गावकर भरावा लागतो. त्याला कूरटाक्सं म्हणतात. किनाऱ्याजवळच्या यंत्रातून पावती घ्या आणि जपून ठेवा.

वेताची छप्पर असलेली मोठी आसनं दिसतील. ती भाड्याने असतात, रिकामी दिसली म्हणून बसू नका. वारा जोराचा असेल तर पाच जणांत मिळून एक घ्या, पैसे वसूल होतात.

पाटीवर एफकेके लिहिलं असेल तर तो विवस्त्र वावरण्याचा भाग आहे. तिथे सहकुटुंब लोक असतात, आजी-आजोबा असतात, आणि ते त्यांच्यासाठी साधं असतं. तुम्हाला अवघडल्यासारखं होत असेल तर पुढच्या भागात जा. टक लावून बघणं, हसणं, आणि सर्वांत वाईट म्हणजे फोन वर धरणं, हे करू नका. बाकी किनाऱ्यावरही अनोळखी माणसं फोटोत येणार नाहीत याची काळजी घ्या, तिथे लोक याबाबत फार जागरूक असतात.

गवत उगवलेल्या वाळूच्या टेकड्या पुरापासून गावाचं रक्षण करतात, त्यांवर चालायचं नाही. शेकोटी आणि शेगडीला बहुतेक किनाऱ्यांवर मनाई असते. पेयांच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे जमवून परत आणा. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे आणि डब्यामागे २५ सेंट परत मिळतात.

९. परतीची गाडी

जाण्याची गाडी शोधताना परतीच्या दोन गाड्या शोधा: जिने जायचं ती, आणि शेवटची. शेवटच्या गाडीवर बेत आखू नका, ती रद्द झाली तर रात्र फलाटावर. सूर्यास्त बघायचा हट्ट असेल तर ऑगस्टच्या शेवटी जा, तेव्हा तो सव्वाआठच्या आसपास होतो.

शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात. ॲपमध्ये गाडीच्या जागी एसईव्ही दिसलं तर त्या टप्प्यात गाडी नाही, बस आहे. ती स्थानकाच्या बाहेरून सुटते, तिला जास्त वेळ लागतो आणि पुढची गाडी चुकू शकते. निघण्याच्या दिवशी सकाळी एकदा आणि किनारा सोडण्याआधी एकदा, असं दोनदा तपासा.

खर्चाचा हिशोब परतीच्या गाडीतच मिटवा. आणि नाशिकला घरी कळवायचं असेल तर दुपारीच फोन करा. उन्हाळ्यात घड्याळात साडेतीन तासांचा फरक असतो. तुम्ही रात्री दहाला गाडीत बसून आईला फोन लावला, तर इथे दीड वाजलेला असतो, आणि त्या वेळी वाजलेल्या फोनने घरात सगळे दचकून उठतात.